उंट, सुई आणि जक्कयचा हिशोब

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत गोडी छाटणी भरात असते. पेठ, सुरगाणा, हरसूलकडून आलेल्या टोळ्या एकरावर काम अंगावर घेतात. कुणी उचल आधीच घेतलेली असते, कुणाचा हिशोब काम उरकल्यावर व्हायचा असतो. कॅथलिक चर्चच्या वाचनक्रमात दर तीन वर्षांनी याच आठवड्यातल्या रविवारी मार्कच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय वाचला जातो. धनवानाने देवाच्या राज्यात शिरण्यापेक्षा उंटाने सुईच्या नाकातून जाणं सोपं, हे येशूचं वचन त्यातलंच. वाचन आणि छाटणी एकत्र येणं हा निव्वळ योगायोग आहे, पण वचनाचा अर्थ लावायला तो चांगला उपयोगी पडतो.

हे वचन ऐकलं की माणसाचा पहिला प्रयत्न असतो सुईचं नाक मोठं करण्याचा. त्यासाठीची सगळ्यात लोकप्रिय गोष्ट बहुतेकांनी ऐकलेली असते. यरुशलेमच्या तटाला म्हणे ‘सुईचं नाक’ नावाची एक दिंडी होती. रात्री मोठा दरवाजा लागला की उंटाला त्या दिंडीतून आत घ्यायचे. पाठीवरचं ओझं उतरवायचं, गुडघे टेकवायचे, मान खाली घालायची, की झालं काम. वाड्यांच्या गावात वाढलेल्या माणसाला दिंडी दरवाजा समजावून सांगावा लागत नाही, म्हणून ही गोष्ट आपल्याकडे फार पटते. नम्र व्हा, थोडं ओझं कमी करा, आत जाल.

अडचण एवढीच की असा दरवाजा नव्हता. पहिल्या शतकातल्या यरुशलेमात या नावाच्या दरवाजाचा पुरावा नाही, त्या काळच्या कुणा लेखकाने त्याचा उल्लेख केलेला नाही. ही गोष्ट दिसते ती मध्ययुगातल्या भाष्यांत. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या धर्मपंडिताने शुभवर्तमानांवरची जुनी भाष्यं एकत्र केली, त्यात ती अन्सेल्मच्या नावावर येते. म्हणजे येशूनंतर हजार-बाराशे वर्षांनी. दुसरी पळवाट म्हणजे उंट नव्हे, जाड दोरखंड. काही थोड्या हस्तलिखितांत एका स्वराच्या फरकाने तसा शब्द आहे खरा. पण जहाजाचा दोरखंड तरी सुईत कुठे ओवला जातो?

या दोन्ही वाटा मजकुरातच बंद होतात. वचन ऐकून शिष्य हबकतात आणि विचारतात, मग तारण होणार तरी कुणाचं? येशू त्यांना ‘अहो, थोडं वाकलं की जमतं’ असं म्हणत नाही. माणसांना हे अशक्य आहे, देवाला नाही, असं म्हणतो. बाबेलच्या तालमुदात, म्हणजे ज्यूंच्या धर्मचर्चांच्या संग्रहात, अशाच अर्थाने सुईच्या नाकातून जाणारा हत्ती येतो: माणसाला स्वप्नातसुद्धा जे दिसत नाही त्याचं उदाहरण म्हणून. कुराणातही (७:४०) सुईच्या नाकातला उंट आहे. पॅलेस्टाइनमध्ये रोज नजरेला पडणारं सगळ्यात मोठं जनावर उंट, म्हणून इथे उंट. आपल्या सह्याद्रीत डोंगराच्या आरपार भोकालाही नेढंच म्हणतात, आणि रतनगडाच्या नेढ्यात अख्खी टोळी डबे सोडून बसू शकते. ते चित्र मात्र इथे डोळ्यांपुढून काढून टाकायला हवं. सहा फुटांचं, चार-पाचशे किलोंचं जनावर आणि दोरा ओवायची सुई, एवढंच समोर ठेवायचं.

आता वाचायचं कसं ते. एक धनवान येशूकडे येतो, येशू त्याला असेल ते सगळं विकून गरिबांना द्यायला सांगतो, तो खिन्न होऊन निघून जातो, आणि त्यावरच उंटाचं वचन येतं. हा प्रसंग तीन ठिकाणी आहे: मार्क १०:१७-३१, मत्तय १९:१६-३०, लूक १८:१८-३०. तिन्ही शेजारी शेजारी उघडून वाचावेत, तास-दीड तासाचं काम आहे. उपदेशात भेटणारा ‘श्रीमंत तरुण अधिकारी’ या तिघांची खिचडी आहे. तो तरुण असल्याचं फक्त मत्तय सांगतो, अधिकारी असल्याचं फक्त लूक. मार्ककडे तो धावत येतो, गुडघे टेकतो, आणि येशूने त्याच्याकडे निरखून पाहिलं व त्याच्यावर प्रीती केली, हे वाक्य मार्कशिवाय कुणाकडे नाही. ‘पूर्ण व्हायची इच्छा असेल तर’ ही अट फक्त मत्तयाची. पुढे मठवासी परंपरेत याच अटीवरून सर्वस्वत्याग हा निवडक लोकांसाठीचा सल्ला ठरला आणि बाकीच्यांना सुटका मिळाली. मार्क आणि लूककडे ती अट नाही.

दुसरं, सुरुवात सतराव्या ओवीपासून करू नये. तेराव्यापासून करावी. तिथे लोक लहान मुलांना येशूकडे आणतात, शिष्य हटकतात, आणि येशू म्हणतो की देवाचं राज्य अशांचंच आहे. मुलाच्या नावावर काही नसतं, त्याने काही कमावलेलं नसतं. लगेच पाठोपाठ धावत येणारा माणूस विचारतो, सार्वकालिक जीवनाचा वारसा मिळावा म्हणून मी काय करू? वारसा आणि करणं, दोन्ही एकाच प्रश्नात. ही गाठ लक्षात आली की पुढचं संभाषण सरळ उलगडतं. रविवारच्या वाचनाचा संक्षिप्त पर्यायही उपलब्ध आहे, तो सत्ताविसाव्या ओवीला, ‘देवाला सर्व शक्य आहे’ इथे थांबतो. ऐकायला तो फार सोयीचा, पण येशूचा शिष्य पेत्र याचं म्हणणं आणि त्याला मिळालेलं उत्तर त्यात गळतं.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात कमी बोलली जाणारी. येशू त्या माणसाला आज्ञा मोजून दाखवतो: खून करू नको, व्यभिचार करू नको, चोरी करू नको, खोटी साक्ष देऊ नको, फसवू नको, आईबापांचा मान राख. यातली ‘फसवू नको’ ही दहा आज्ञांत नाही. मत्तय आणि लूक यांनी ती गाळली आहे. मार्कने ठेवली. जुन्या करारात ही तक्रार पुन्हापुन्हा येते ती एका ठरावीक संदर्भात: मजुराची मजुरी अडकवून ठेवणं. अनुवाद २४:१५ सांगतं, त्याची मजुरी सूर्य मावळायच्या आत दे, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्यावर लागलेला आहे. मलाखी हा संदेष्टा मजुराला नाडणाऱ्यांची गणना चेटूक करणाऱ्यांबरोबर करतो. याकोबाच्या पत्रात (५:४) तर शेत कापणाऱ्यांची बुडवलेली मजुरीच ओरडते आहे.

या माणसाकडे पुष्कळ मालमत्ता होती, आणि त्या काळात मालमत्ता म्हणजे मुख्यतः जमीन. जमिनीबरोबर कुळं आली, कर्जं आली, रोजंदारी आली. येशूच्या दाखल्यांत द्राक्षमळे, खंडाने करणारे, संध्याकाळी एक दिनार मोजून घेणारे मजूर उगीच येत नाहीत. त्याने कुणाला फसवलं होतं असं मार्क म्हणत नाही, हेही स्पष्ट करायला हवं. ‘हे सगळं मी लहानपणापासून पाळलं आहे’ असं तो म्हणतो आणि येशू त्याला खोटं पाडत नाही. पण ज्याच्याकडे पुष्कळ जमीन आहे त्याला ‘फसवू नको’ ऐकवलं जातं, यात काही सुचवलेलं नाही असं मला वाटत नाही.

इथे ती छाटणी कामाला येते. बागाईतदाराने हे वचन ऐकून आत्म्याचं काय ते पाहण्याआधी वही काढावी. उचल दिली तेव्हा मजुराच्या हातात कागद दिला का? खाडे कुणी मांडले, आणि पावसाने बुडालेला दिवस कुणाच्या खात्यात गेला? एकराचा दर ठरला तेव्हा एकर मोजला होता की ‘अंदाजे’? मुकादमाला दिलेले पैसे टोळीतल्या बायांपर्यंत पोचले का? हे प्रश्न प्रवचनात विचारले की काही जणांना ते ‘राजकारण’ वाटतं. मलाखीलाही बहुधा तेच ऐकावं लागलं असेल.

लूक हाच धागा पुढे नेतो. त्याच्याकडे श्रीमंत अधिकारी खिन्न होतो अठराव्या अध्यायात, आणि एकोणिसावा उघडला की यरीहोत दुसरा श्रीमंत भेटतो: मुख्य जकातदार जक्कय. एलबीटी (स्थानिक संस्था कर) येईपर्यंत जकात नाका नाशिककरांच्या चांगल्या परिचयाचा होता. यरीहोतली जकात मात्र मक्त्याने दिलेली असे. मक्तेदाराने ठरलेली रक्कम भरायची, वर जे वसूल होईल ते त्याचं. लुबाडणूक अशी व्यवस्थेतच बसवलेली. हा जक्कय उभा राहून म्हणतो, माझं अर्धं द्रव्य गरिबांना देतो, आणि कुणाचं काही अन्यायाने घेतलं असेल तर चौपट परत करतो.

याचा हिशोब कागदावर मांडून बघण्यासारखा आहे. समजा त्याची संपत्ती आजच्या हिशोबात एक कोटी. पन्नास लाख गरिबांना गेले. उरले पन्नास लाख, त्यातून चौपट परतफेड. म्हणजे साडेबारा लाखांपर्यंतची लुबाडणूक भरून निघते. त्याच्या संपत्तीत दर आठ रुपयांमागे एक रुपयाही अन्यायाचा असेल, तर जक्कय कफल्लक. आणि नियमशास्त्र एवढं मागत नव्हतंच. आपणहून कबूल करणाऱ्याला लेवीय ६:५ आणि गणना ५:७ मध्ये मूळ रक्कम अधिक एक पंचमांश एवढीच भरपाई आहे. त्या दराने त्याच पन्नास लाखांतून साडेएकेचाळीस लाखांहून जास्त लुबाडणूक फिटली असती. चौपट हा दर निर्गम २२:१ मधला, मेंढरू चोरून कापणाऱ्या किंवा विकणाऱ्याचा. जक्कय स्वतःला कबुली देणाऱ्याच्या नव्हे, चोराच्या रकान्यात बसवतो.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, ‘सगळं विक’ हा ठरलेला दर नाही. जक्कयला येशू उरलेलं विकायला सांगत नाही. आज या घराला तारण मिळालं, म्हणतो. अरिमथाईकर योसेफ श्रीमंतच होता आणि मत्तय त्याला शिष्य म्हणतो. दोन, दान आणि परतफेड ही खाती वेगळी आहेत. दुसऱ्याचा पैसा दान करता येत नाही, तो फक्त परत करता येतो. इथे हमखास चूक होते. कोनशिलेवर नाव येतं, पंखे येतात, बाकं येतात, आणि गवंड्याचं शेवटचं बिल तसंच राहतं. क्रम उलटा हवा: आधी देणं फेडायचं, उरेल त्यातून द्यायचं.

पण फेडलं, दिलं, म्हणून तारण मिळालं असंही लूक लिहीत नाही. येशू आधी झाडाखाली थांबतो आणि म्हणतो, आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे. जक्कयचा हिशोब त्यानंतरचा. श्रीमंत अधिकाऱ्याने हिशोब आधी विचारला आणि तिथेच अडकला. ‘माणसांना अशक्य’ हे वाक्य म्हणूनच दानशूरालाही लागू आहे; पावती फाडून आत जाता येत नाही.

इ.स. २०० च्या सुमारास अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंट या ख्रिस्ती लेखकाने या प्रसंगावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. बंदराचं, व्यापाराचं शहर. चर्चमध्ये पैसेवाले येऊ लागले होते आणि या वचनाने घाबरत होते. क्लेमेंट म्हणाला, टाकायची ती संपत्ती नव्हे, तिचा हव्यास. सगळ्यांनीच सगळं टाकलं तर भुकेल्याला जेवू घालणार कोण? युक्तिवाद सशक्त आहे आणि मराठी माणसाला ओळखीचाही: उत्तम व्यवहाराने जोडावं, उदास मनाने खर्चावं, हे आपल्याकडे घरोघर माहीत आहे. माझी हरकत एवढीच की मनाने सोडलेल्या पैशाची मोजदाद कुणीच करू शकत नाही, सोडणाराही नाही. तुकोबांनी कर्जखतं इंद्रायणीत बुडवली ही आख्यायिका या बाबतीत जास्त काटेकोर आहे. धाकट्या भावाचा निम्मा वाटा आधी वेगळा काढून दिला, मग आपल्या वाट्याचीच खतं बुडवली, असं सांगतात. सातबाऱ्यावर पाच नावं असताना एकट्याने वैराग्य घेऊन सगळ्यांची जमीन दान करता येत नाही. आणि बुडालं काय, तर गरिबांकडून येणं. सावकाराच्या हातून होण्यासारखं पहिलं दान तेच.

सर्वस्व विकणं शब्दशः करू गेलं तर काय होतं, याचं सगळ्यात बारकाईने नोंदलेलं उदाहरण पाचव्या शतकाच्या सुरुवातीचं आहे. रोमची मेलानिया आणि तिचा नवरा पिनियन, साम्राज्यातल्या बड्या घराण्यांपैकी. त्यांनी विकायला काढलं तेव्हा कळलं की ‘मालमत्ते’त माणसं आहेत. त्या काळचा लेखक पॅलाडियस लिहितो की तिने आठ हजार गुलाम मुक्त केले. उरलेल्यांना मुक्तता नको होती; ते तिच्या भावाकडे नाममात्र किमतीत गेले. जमीन नाही, छप्पर नाही, तर मोकळं होऊन जायचं कुठे, हा त्यांचा प्रश्न असणार. पुढे आफ्रिकेत ऑगस्टिन आणि इतर बिशपांनी या जोडप्याला सल्ला दिला: मठांना रोख पैसे वाटू नका, ते लवकरच संपतील, प्रत्येक मठाला एक घर आणि कायमचं उत्पन्न द्या. भावनेच्या भरात वाटलेल्या पैशाचं काय होतं हे ऑगस्टिनला ठाऊक होतं.

माणूस हाच माल, ही गोष्ट नाशिकला परकी नाही. शरणपूर रोडवर आज दुकानांचे भाडेदर ऐकून घाम फुटतो, पण ज्या शरणपुरावरून त्याला नाव पडलं ती १८५० च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीने वसवलेली वस्ती. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं तिथे ठेवली, त्यांना अक्षर आणि सुतारकी, लोहारकीसारखे धंदे शिकवले. त्यांतलाच जेकब वेनराइट आफ्रिकेचा शोध घेणाऱ्या लिव्हिंग्स्टनच्या शवाबरोबर इंग्लंडपर्यंत गेला आणि १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या दफनाला हजर होता. प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात बाबेलच्या व्यापाऱ्यांच्या मालाची यादी सोनं, रुपं, मोती अशी सुरू होते आणि दासदासी व माणसांचे जीव यांवर संपते. ‘तुझं असेल ते विक’ या वाक्याचा त्या काळचा अर्थ लावताना ही यादी जवळ ठेवावी. विकणं तेवढंच पुरेसं नव्हतं. कुणाला विकतो आहोत हे बघणं भाग होतं.

आता आपल्या काळातलं, अगदी कचेरीतलं. ख्रिस्ती माणसाला मृत्युपत्राने धर्मादायाला काही देणं भारतात बराच काळ अवघड होतं. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या कलम ११८ नुसार पुतण्या-भाचा किंवा त्याहून जवळचा नातेवाईक असेल, तर असं मृत्युपत्र मरणाच्या किमान बारा महिने आधी केलेलं असायला हवं आणि केल्यापासून सहा महिन्यांत ठरलेल्या ठिकाणी जमा केलेलं हवं. नाहीतर ती देणगी रद्द. सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये जॉन वल्लमट्टम खटल्यात हे कलम घटनाबाह्य ठरवलं. तरी अजून कुणी ‘ख्रिस्ती माणसाला तसं करता येत नाही’ म्हणालं तर ती जुनी माहिती समजावी. हयातीत जमीन किंवा घर द्यायचं तर दानपत्र नोंदणीकृत हवं, त्यावर किमान दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. पाकिटातल्या चिठ्ठीने किंवा प्रार्थनासभेतल्या घोषणेने स्थावर हलत नाही. अशा घोषणेच्या बाबतीत हनन्याची गोष्टही आठवावी. प्रेषितांची कृत्ये ५:४ मध्ये पेत्र त्याला विचारतो, विकण्याआधी ती जमीन तुझीच नव्हती का, आणि विकल्यावर पैसा तुझ्याच हाती नव्हता का? विकायची सक्ती कुणी केली नव्हती. थोडं मागे ठेवून ‘सगळं दिलं’ असं भासवलं, दोष तिथे होता.

राहिला पेत्र, जो संक्षिप्त वाचनात गळतो. आम्ही तर सगळं सोडलं, असं तो म्हणतो. उत्तर येतं: घर, भाऊ, बहिणी, आई, बाप, मुलं, शेतं सोडणाऱ्याला शंभरपट मिळेल, घरं, भाऊ, बहिणी, आया, मुलं, शेतं, आणि छळ. ही ओवी सध्या मोठ्या मंडपांत ‘शंभर द्या, दहा हजार घ्या’ या थाटात वापरली जाते, तेव्हा यादीतला शेवटचा शब्द वाचला जात नाही. परत मिळणाऱ्यांत बापही नाही. आपल्याकडच्या पहिल्या पिढीच्या ख्रिस्ती लोकांना या यादीचा अर्थ समजावून सांगावा लागला नसेल. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. नाशिकजवळच्या जलालपूरला जन्मलेल्या लक्ष्मीबाईंनी तो घेतला १९०० मध्ये. मधली बरीच वर्षं संसार दोन ठिकाणी होता. टिळक हाताला लागेल ते देऊन टाकणारे, हातचं राखून न ठेवणारे, आणि घरात दाणा आहे की नाही हे बघणाऱ्या लक्ष्मीबाई. लूकच्या सोडायच्या यादीत बायकोही आहे, मार्कच्या जुन्या हस्तलिखितांत ती नाही. लक्ष्मीबाईंना विचारलं असतं तर त्यांनी कोणता पाठ बरोबर ठरवला असता, सांगता येत नाही. पण डबा रिकामा असल्याचं मात्र त्यांनी आधी सांगितलं असतं.